शिकागो उंच की न्यूयॉर्क?

न्यूयॉर्क आणि शिकागो या अमेरिकेतील दोन शहरांची मोठी छायाचित्रे आम्ही एकदा नववीच्या वर्गात फळ्यावर शेजारीशेजारी लावली आणि खालची नावे झाकून ठेवली. पहिले चित्र ब्रुकलिनच्या काठावरून घेतलेले होते. मधे ईस्ट नदी आणि पलीकडे मॅनहॅटन बेटाचे दक्षिण टोक. दुसरे चित्र मिशिगन सरोवरात शिरलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावरून, तेथील तारांगणाजवळून घेतलेले. ‘कोणत्या शहरातील इमारती अधिक उंच आहेत?’ असे विचारताच बहुतेक हात पहिल्या चित्राकडे वळले. कारण विचारले, तर उत्तर आले, ‘दिसतातच की!’

‘दिसतातच की’ हे उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे. इमारतींच्या माथ्यांची जी वेडीवाकडी कडा आकाशाच्या पार्श्वभूमीवर उमटते, तिला इंग्रजीत स्कायलाइन म्हणतात. आपण तिला शहराची आकाशरेषा म्हणू या. जगातील मोठ्या शहरांमध्ये या रेषेवरून मोठी ईर्षा चालते आणि त्यातील सर्वांत जुनी ईर्षा या दोन शहरांची आहे. पण दोन आकाशरेषांची तुलना करायची म्हणजे नेमके काय मोजायचे?

प्रथम डोळ्याला काय दिसते ते पाहू. आपल्या डोळ्याला मीटर कळत नाहीत, कोन कळतो. लांबच्या वस्तूचा कोन काढण्याची सोपी युक्ती अशी: उंचीला अंतराने भागा आणि ५७ ने गुणा, म्हणजे अंशांमधील कोन मिळतो. (कोन वीस अंशांपर्यंत असेल तर हा हिशेब पुरेसा बरोबर येतो.) शिकागोतील विलिस टॉवर ४४२ मीटर उंच आहे. तारांगणापासून तो सुमारे पावणेतीन किलोमीटरवर असल्याने तेथून त्याचा कोन सुमारे ९ अंश येतो. आता ब्रुकलिनच्या काठावर उभे राहा. समोरची वुलवर्थ इमारत २४१ मीटर, म्हणजे विलिस टॉवरच्या निम्म्याहून थोडी अधिक. पण ती दीड किलोमीटरवरच असल्याने तिचाही कोन भरतो ९ अंश! दोन्ही छायाचित्रे सारख्याच भिंगाने घेतली, तर त्यांत या दोन इमारती सारख्याच उंच दिसतील. खुद्द न्यूयॉर्कमध्येही हाच प्रकार. ३८१ मीटर उंचीची एम्पायर स्टेट इमारत याच काठापासून पाच किलोमीटरहून दूर आहे. तिचा कोन जेमतेम ४ अंश भरतो. वुलवर्थपेक्षा दीडपटीहून उंच असलेली ही इमारत चित्रात तिच्या निम्मीही दिसत नाही.

हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली, तर ती साधारण १० अंश झाकते आणि करंगळी साधारण १ अंश. एवढ्या साधनावर विद्यार्थ्यांना गावातील पाण्याची टाकी, देवळाचा कळस, दूरसंचाराचा मनोरा यांचे कोन मोजता येतात. शंभर पावले पुढे जाऊन पुन्हा मोजायला सांगावे. आपल्या गावाची आकाशरेषा आपल्याबरोबर चालते, हे त्यांना लगेच कळते.

भिंतीकडून सांगाड्याकडे

आता इमारतींकडे वळू. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोत प्रचंड आग लागली. सुमारे तीनशे माणसे मेली, एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले आणि शहराचा मध्यभाग जळून गेला. त्या वेळी तीन लाखांच्या घरात असलेली लोकवस्ती १८९० पर्यंत अकरा लाखांच्या आसपास पोहोचली. जमिनीचे भाव चढले आणि लोक वर चढू लागले. न्यूयॉर्कमध्ये एलिशा ओटिस याने १८५४ सालीच एक प्रात्यक्षिक करून दाखवले होते: दोर तुटला तरी खाली न पडणारा पाळणा. त्या पाळण्याची लिफ्ट होईपर्यंत पाच मजल्यांवरच्या खोल्यांना भाडे मिळत नसे, कारण एवढे जिने चढणार कोण?

लिफ्टने माणसाची अडचण सोडवली, भिंतीची नाही. विटांच्या इमारतीत वरच्या सर्व मजल्यांचे वजन खालच्या भिंतीला पेलावे लागते. जितके मजले अधिक, तितकी खालची भिंत जाड. शिकागोतील मोनॅडनॉक इमारतीचा १८९१ सालचा भाग सोळा मजली आहे आणि तळाशी तिच्या भिंती सुमारे सहा फूट जाड आहेत. सर्वांत अधिक भाडे जेथे मिळते त्या तळमजल्याची जागाच भिंत खाऊन टाकते. यावर उपाय म्हणजे धातूच्या खांब-तुळयांचा सांगाडा उभा करायचा आणि भिंत त्यावर पडद्यासारखी लावायची. शिकागोमध्ये विल्यम ली बॅरन जेनी याने १८८५ साली पूर्ण केलेली दहा मजली होम इन्शुरन्स इमारत या पद्धतीची म्हणून ‘पहिली गगनचुंबी इमारत’ असा मान अनेक पुस्तकांत तिला मिळतो.

येथे न्यूयॉर्ककर हरकत घेतात. होम इन्शुरन्स इमारत होती ४२ मीटरची, तर त्यांच्या ट्रिब्यून वृत्तपत्राची इमारत १८७५ सालीच मनोऱ्यासह ७९ मीटर उंच होती. शिवाय जेनीच्या इमारतीतही काही भार विटांच्या भिंतींवर होताच. आमच्या मते हा वाद सुटण्यासारखा नाही. ‘गगनचुंबी’ म्हणजे उंच की ‘गगनचुंबी’ म्हणजे सांगाड्यावर उभी, हे आधी ठरवल्याशिवाय ‘पहिली कोणती’ या प्रश्नाला अर्थच नाही.

खडकाची गोष्ट

मॅनहॅटनचे चित्र नीट पाहिले, तर उंच इमारतींचे दोन पुंजके दिसतात. एक दक्षिण टोकाला वॉल स्ट्रीटच्या परिसरात आणि दुसरा मध्यभागी एम्पायर स्टेटच्या आसपास. मधल्या भागात आकाशरेषा खाली झुकते. असे का? भूविज्ञानाच्या वर्गात याचे फार आकर्षक उत्तर दिले जाते. मॅनहॅटनच्या पोटात शिस्ट नावाचा सुमारे ४५ कोटी वर्षे जुना कठीण रूपांतरित खडक आहे. मध्यभागात तो पृष्ठभागाजवळ येतो, दक्षिणेकडेही फार खोल नाही. मधल्या पट्ट्यात मात्र तो खोल बुडी मारतो आणि वर गाळ-वाळूचे थर आहेत. उंच इमारतीला पक्का पाया हवा, म्हणून जेथे खडक वर तेथे इमारती वर. पृथ्वीच्या पोटातली रेषा आकाशात उमटली! १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या भूविज्ञानावरील एका पुस्तकामुळे ही कल्पना विशेष पसरली. आम्हीही ती वर्गात अनेकदा सांगितली आहे. कार्यकारणभाव शिकवायला याहून सुबक उदाहरण मिळणे कठीण.

दुर्दैवाने ते टिकत नाही. जेसन बार आणि त्यांचे दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञ यांनी १८९० ते १९१५ या काळातील मॅनहॅटनच्या उंच इमारती घेतल्या, त्यांच्याखाली खडक किती खोल आहे याची माहिती जमवली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. खडकाच्या खोलीचा इमारत कोठे उभी राहिली यावर झालेला परिणाम किरकोळ होता. सुरुवातीच्या उंच इमारतींपैकी कित्येक तर सिटी हॉलच्या परिसरात, जेथे खडक अतिशय खोल आहे अशाच जागी उभ्या राहिल्या. वुलवर्थ इमारत त्यांपैकीच एक. तिचे पाये शंभर फुटांहून खोल न्यावे लागले, तरीही १९१३ पासून १९३० पर्यंत ती जगातील सर्वांत उंच इमारत होती.

मग मधला भाग ठेंगणा का राहिला? कारण तेथे कारखाने आणि गरीब स्थलांतरितांच्या दाट चाळी होत्या. बँका, विमा कंपन्या आणि वृत्तपत्रे यांना वॉल स्ट्रीट आणि सिटी हॉलजवळ राहायचे होते. सुखवस्तू लोक उत्तरेकडे सरकत गेले. त्यांच्यामागून दुकाने, नाट्यगृहे, हॉटेले आणि १९१० व १९१३ साली दोन भव्य रेल्वे स्थानके गेली आणि तेथे दुसरा पुंजका तयार झाला. मधल्या वस्तीत उंच कचेरी बांधून भाडेकरू मिळाला नसता, मग खाली खडक असो वा नसो. खोल पायाचा खर्च वाढतो हे खरे, पण मोक्याच्या जागेच्या भाड्यापुढे तो परवडत असे.

यासाठी अभ्यासाचीही वाट पाहायला नको होती. नुसते शिकागोकडे पाहिले असते तरी शंका यायला हवी होती. शिकागोची जमीन म्हणजे हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेली ओली चिकणमाती. पक्का डोलोमाइट खडक शहराच्या मध्यभागी सुमारे तीस-पस्तीस मीटर खोल. खडकामुळे गगनचुंबी इमारती उभ्या राहत असतील, तर त्यांची परंपरा या चिखलात सुरू व्हायलाच नको होती. तेथील अभियंत्यांनी आधी रुळांच्या आणि काँक्रीटच्या रुंद तरफ्यांवर इमारती अक्षरशः तरंगत ठेवल्या. त्या खचत, आणि त्या किती खचतील याचा अंदाज धरून बांधकाम केले जाई. १८८९ सालच्या ऑडिटोरियम इमारतीचा जड मनोऱ्याखालचा भाग तर दोन फुटांहून अधिक खाली गेला. पुढे १८९० च्या दशकात विहिरीसारखे गोल खड्डे हातांनी खणून, कडेला फळ्यांचा आधार देत कठीण थरापर्यंत जायचे आणि त्यात काँक्रीट भरायचे, अशी पद्धत निघाली. पुढे अभियांत्रिकीच्या पुस्तकांत या पायांना शिकागोचेच नाव मिळाले.

एवढे सांगितल्यावर एका शिक्षकाने आम्हाला विचारले, ‘म्हणजे खडकाचा काही संबंधच नाही?’ तसेही नाही. पाया कसा घालायचा आणि त्याला किती खर्च येईल हे जमीनच ठरवते. इमारत कोठे हवी हे मात्र ती फारसे ठरवत नाही. नकाशावरच्या दोन गोष्टी जुळल्या की त्यांतील एक दुसरीचे कारण असते, ही समजूत आपल्या वर्गांतून घालवायला फार वेळ लागतो. त्यासाठी हे फसलेले उदाहरण पूर्वीच्या सुबक उदाहरणापेक्षा अधिक कामाचे आहे.

कायद्याने कोरलेली रेषा

दोन्ही शहरांच्या आकाशरेषांवर आणखी एका शिल्पकाराचा हात फिरला आहे: नगरपालिकेचा कायदा. १८९२ साली शिकागोत २१ मजली मेसॉनिक टेम्पल उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी शहराने १३० फुटांची (सुमारे ४० मीटर) मर्यादा घातली. ही मर्यादा पुढे अनेकदा कमीजास्त झाली, पण दीर्घकाळ शिकागोची आकाशरेषा कापलेल्या मेंदीसारखी सपाट राहिली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा असे बंधनच नव्हते. उंचीच्या शर्यतीत न्यूयॉर्क पुढे गेले त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

न्यूयॉर्कला जाग आली ती १९१५ साली. इक्विटेबल कंपनीची ३८ मजली इमारत एका एकराहून थोड्या लहान भूखंडावर कोठेही मागे न सरता सरळ वर गेली. तिचे एकूण चटई क्षेत्र भूखंडाच्या सुमारे तीसपट होते. आसपासच्या रस्त्यांचा आणि इमारतींचा उजेड गेला. १९१६ साली शहराने नियम केला: रस्त्याच्या रुंदीच्या प्रमाणात ठराविक उंची गाठली की इमारतीने टप्प्याटप्प्याने मागे सरायचे, मात्र भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर हवे तेवढे उंच जायला मोकळीक. पायऱ्यापायऱ्यांच्या केकसारख्या दिसणाऱ्या न्यूयॉर्कच्या जुन्या इमारती आणि त्यांतून निघालेले एम्पायर स्टेटसारखे सुळके हे या नियमाचे अपत्य आहे. वास्तुशिल्पींची कल्पकता त्यांत आहेच, पण तिचा साचा रस्त्यावर पडणाऱ्या उजेडाच्या भूमितीने ठरवला.

शिकागोचा मोठेपणा वेगळ्या ठिकाणी आहे. सरोवराच्या काठची जमीन कायम मोकळी ठेवायची, असे तेथील आयुक्तांनी १८३६ सालीच नकाशावर लिहून ठेवले होते. १८९० पासून सुमारे वीस वर्षे माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने त्यासाठी न्यायालयात झुंज दिली आणि काठावर इमारती होऊ दिल्या नाहीत. शिकागोची आकाशरेषा आज एखाद्या रंगमंचावर मांडल्यासारखी दिसते, याचे कारण तिच्यासमोर प्रेक्षागृहासाठी जागा राखलेली आहे.

वाऱ्याशी गाठ

तीस-चाळीस मजल्यांच्या वर इमारतीचा खरा शत्रू वजन नसून वारा असतो. उंची दुप्पट केली, तर वाऱ्याला मिळणारा पृष्ठभाग दुप्पट होतो आणि जोर ज्या तरफेवर पडतो तिची लांबीही दुप्पट होते. म्हणजे इमारत उलथवणारा परिणाम चौपट. वर वाऱ्याचा वेगही वाढतो तो वेगळाच. एम्पायर स्टेट इमारतीत आतबाहेर सगळीकडे खांबांची दाटी आहे. तिला चटई क्षेत्राच्या दर चौरस मीटरमागे सुमारे २०५ किलोग्रॅम पोलाद लागले.

यावर मार्ग काढला तो शिकागोत काम करणाऱ्या फझलूर रहमान खान यांनी. १९२९ साली ढाक्यात जन्मलेले खान कोलकात्याजवळच्या शिबपूर अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, ढाक्यात पदवीधर झाले आणि १९५२ साली अमेरिकेत गेले. त्यांची कल्पना बांबू हातात घेतली की कळते. तेवढ्याच वजनाची भरीव काठी सहज वाकते, पोकळ बांबू वाकत नाही. कारण त्याचे द्रव्य मध्यापासून दूर, कडेला आहे. खान यांनी खांब इमारतीच्या बाहेरच्या कडेला आणले आणि सगळ्या इमारतीचीच नळी केली. १९६९ सालच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक इमारतीत त्यांनी या नळीवर मोठ्या फुल्यांसारखे तिरपे पट्टे बांधले. पोलाद लागले चौरस मीटरला सुमारे १४५ किलोग्रॅम. ४४२ मीटरच्या सिअर्स टॉवरमध्ये (२००९ पासून याचेच नाव विलिस टॉवर) तर त्यांनी २३ मीटर बाजूच्या नऊ चौरस नळ्यांची मोळी बांधली. त्यातील दोन नळ्या ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या आणि उरलेल्या दोनच वरपर्यंत जातात. आकाशरेषेत विलिस टॉवर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळे. न्यूयॉर्कच्या पायऱ्या कायद्याच्या, शिकागोच्या या पायऱ्या संरचनेच्या. चित्रात मात्र दोन्ही सारख्याच दिसतात!

उंची कोठपर्यंत मोजायची?

१९२९ साली न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटवरची ४० क्रमांकाची इमारत आणि क्रायस्लर इमारत यांची चुरस लागली होती. क्रायस्लरच्या लोकांनी ५६ मीटरचा पोलादी सुळका इमारतीच्या आतच गुपचूप जुळवला आणि ऑक्टोबरमध्ये काही तासांत वर काढला. २८३ मीटरची प्रतिस्पर्धी इमारत ३१९ मीटरसमोर हरली. सुळका उंचीत धरावा का, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यानंतर तेथे वन वर्ल्ड ट्रेड सेंटर बांधले गेले. ते २०१४ साली खुले झाले. त्याचे छप्पर ४१७ मीटरवर आहे, पण वरच्या सुळक्यासह उंची भरते ५४१ मीटर. सुळका हा इमारतीच्या रचनेचा भाग मानला तर न्यूयॉर्क पहिले. प्रसारणाचा खांब मानला तर शिकागोचा विलिस टॉवर २५ मीटरनी पुढे. निवाडा करणारी उंच इमारतींची आंतरराष्ट्रीय परिषद शिकागोतच होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिने निकाल दिला तो न्यूयॉर्कच्या बाजूने. आम्हाला हा निकाल पटलेला नाही. ज्या उंचीवर माणूस उभा राहू शकत नाही ती इमारतीची उंची कशी, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त आहे. पण २०२० साली न्यूयॉर्कमध्ये ४७२ मीटर छपराचा सेंट्रल पार्क टॉवर पूर्ण झाल्याने शिकागोचा तोही दावा संपला.

या नव्या इमारतींनी न्यूयॉर्कची रेषाच बदलली. शेजारच्या ठेंगण्या इमारतींचे न वापरलेले चटई क्षेत्र विकत घ्यायचे आणि ते सगळे एका लहान भूखंडावर रचायचे, असा हा व्यवहार. ५७ व्या रस्त्यावरील ४३५ मीटर उंचीच्या एका इमारतीची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण एकास चोवीस आहे. पट्टी उभी धरल्यासारखी ती दिसते. हिवाळ्यात सूर्य खाली असताना या इमारतींच्या लांबलचक सावल्या सेंट्रल पार्कवर फिरतात. त्यात राहणारे थोडे आणि सावलीत बसणारे पुष्कळ. १९१५ चेच भांडण पुन्हा निघाले आहे. १५० मीटरहून उंच इमारती मोजल्या, तर आज न्यूयॉर्कमध्ये तीनशेहून अधिक आणि शिकागोत सव्वाशेहून अधिक भरतात. हाँगकाँग या दोघांच्याही पुढे आहे.

या १५० मीटरच्या मर्यादेवरून एक गंमत आठवली. मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर इंडियाना राज्यात वाळूच्या टेकड्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील किनाऱ्यावरून स्वच्छ दिवशी पाण्यापलीकडे सुमारे ५० किलोमीटरवर शिकागो दिसते, पण इमारतींचे खालचे भाग पाण्यात बुडाल्यासारखे. मधे पृथ्वीची वक्रता येते. पाण्याच्या पातळीपासून दोन मीटर उंचीवर डोळे असतील, तर आपले क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर असते. उरलेले अंतर ४५ किलोमीटर. किलोमीटरमधील या अंतराचा वर्ग करून १२.७ ने भागले की झाकलेली उंची मीटरमध्ये मिळते: २०२५ भागिले १२.७, म्हणजे सुमारे १५९ मीटर. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडे कमी झाकले जाते. म्हणजे त्या किनाऱ्यावर पाण्यावर डोके काढून उभ्या दिसतात त्या साधारण दीडशे मीटरच्या वरच्याच इमारती. मागे टेकडीवर तीस मीटर चढून पुन्हा पाहिले, तर किती दिसेल? १२.७ ला ३० ने गुणून वर्गमूळ काढा म्हणजे नवे क्षितिज मिळेल. पुढचा हिशेब विद्यार्थ्यांनी करावा.